लेफ्ट टॅकलसाठी तत्त्वज्ञान

मे महिन्यात तत्त्वज्ञान विभाग बंद करायचा असं कुलगुरूंनी ठरवलं होतं, कारण तिथे प्राध्यापक एक आणि विद्यार्थी त्याहून फार जास्त नव्हते. ते प्राध्यापक म्हणजे ऑर्विल थॅकर. त्यांना वाचवायला देव धावला नाही, आमचा अमेरिकन फुटबॉलचा कोच धावला.

या कोचला, रस्टी पेटवेला, जार्विस स्टोक्स हवा होता. जार्विस लेफ्ट टॅकल, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकच्या, चेंडू फेकणाऱ्याच्या, अंगावर कोणी येऊ नये म्हणून उभी केलेली भिंत. भिंत अजून शाळेत होती आणि तिच्या आईनं, वर्नेलबाईंनी, दारात आलेल्या प्रत्येक कोचला एकच विचारलं होतं, "शिकवणार काय?" प्रत्येकानं सांगितलं, "आमच्याकडे शिक्षण पहिलं." बाई स्कूलबस चालवायच्या. थापा त्यांना मागच्या आरशातही दिसत.

"मी खराखुरा प्राध्यापक घेऊन जातो," पेटवे मला म्हणाला. "एकदम जुना, कोपरावर ठिगळं असलेला. आहे का शिल्लक?"

खेळाडूंना सरावाच्या आड न येणारे विषय शोधून देणं ही माझी नोकरी. मी थॅकरांचं नाव दिलं. सौदा सरळ होता. पोरगा आला की पेटवे आपली अख्खी बचावफळी तत्त्वज्ञानाला घालणार आणि विभाग वाचणार.

गाडी मी चालवली. जार्विसच्या गावी, टकर्स बेंडला, पोचेपर्यंत पेटवे थॅकरांना शिकवत होता.

"बाईंनी दुसऱ्यांदा वाढलं तर नाही म्हणायचं नाही. मागच्या वर्षी आमच्या एका माणसानं पोट भरलं म्हणून सांगितलं आणि पोरगा टेनेसीच्या कॉलेजात गेला."

"आणि मी बोलायचं काय?"

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही दिसा."

टेबलावर तळलेला कॅटफिश, डुकराच्या हाडावर शिजवलेली पालेभाजी आणि मक्याचा पाव. पेटवेनं तिसऱ्यांदा पाव घेतला. "वर्नेलताई, माझी आई गेल्यापासून असा पाव खाल्ला नव्हता." त्याची आई मोबाईल नावाच्या गावात ठणठणीत आहे, रविवारी चर्चनंतर पत्ते खेळते.

"आणि हे कोण?" बाईंनी थॅकरांकडे बघून विचारलं.

"आमचे प्राध्यापक! आमच्याकडे शिक्षण पहिलं, ताई."

"बरं झालं. मास्तर, शिकवा."

"आत्ता?" थॅकर दचकले.

"कोचनं माझ्या पोराला पळवून बघितलं, उचलायला लावून बघितलं. मी तुम्हाला बघायला नको?"

थॅकरांनी कॅटफिशचा तुकडा काट्यावर धरला. "जार्विस, या ताटातले सगळे मासे तळलेले आहेत. हा तुकडा या ताटातला आहे. मग?"

"मग हा तळलेला आहे," जार्विस म्हणाला. त्याच्या हातात ग्लास औषधाच्या बाटलीएवढा दिसत होता.

"टचडाउन!" पेटवे ओरडला.

"थांबा कोच. मी एक करून बघू?" जार्विस पुढे वाकला तसं टेबल कुरकुरलं. "तुमच्याकडे शिक्षण पहिलं. तुमच्याकडे जे पहिलं त्याला जास्त पैसे मिळतात, म्हणूनच खेळायचे पैसे तुम्ही मला राखीव पोरांपेक्षा जास्त देणार. मग मास्तरांना तुमच्यापेक्षा जास्त पगार असणार."

थॅकरांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. "मांडणी अचूक आहे!"

"मास्तरांचा पगार किती?" बाईंनी विचारलं. थॅकरांनी सांगितला. बाईंनी न मागता त्यांच्या ताटात आणखी दोन तुकडे वाढले.

"कोच, तुमचा तर पेपरात येतो," त्या म्हणाल्या.

पेटवेनं चौथ्यांदा पाव घेतला.

"मांडणी बरोबर, उत्तर चूक," जार्विस पुटपुटला. तो खरंच विचारात पडला होता. "मग मास्तर, खोटं कुठलं वाक्य?"

टेबलाखाली पेटवेचा बूट थॅकरांच्या दिशेनं हलला, तो माझ्या नडगीवर बसला. थॅकरांनी काटा खाली ठेवला. त्यांचा विभाग, त्यांची खोली, त्यांची पेन्शन, सगळं त्या ताटात होतं.

"पहिलं," ते म्हणाले.

परतताना गाडी पुन्हा मीच चालवली. मग पेटवेनं मागे वळून अगदी कुतूहलानं विचारलं, "अहो, तुम्हाला एवढंसुद्धा खोटं बोलता येत नाही, तर तुम्ही प्राध्यापक झालात कसे?"

जार्विस शेजारच्या राज्यात गेला. तिथला कोच स्वच्छ म्हणाला होता, "बाई, पैसे मिळतील. शिक्षणाचं विचारू नका, मला माहीत नाही." आकडाही मोठा होता. ठरल्याप्रमाणे मे महिन्यात आमचा विभाग बंद झाला आणि थॅकरांच्या खोलीत प्रथिनांचं सरबत घुसळायचं यंत्र आलं.

जूनमध्ये वर्नेलबाईंचा थॅकरांना फोन आला. थॅकरांनी तो मला नंतर जसाच्या तसा सांगितला.

"मास्तर, पोराला खेळायचे पैसे मिळायला लागलेत. शिक्षण दुकानात वेगळं घ्यावं म्हणते. आम्ही त्याच्या कॉलेजजवळ राहायला आलोय, इकडे याल? आठवड्यातून चार दिवस, सकाळी सरावाच्या आधी. पगार जुन्याच्या दुप्पट."

"पण बाई, तो दमून झोपला तर?"

"तर मी बसते समोर. मलाही त्या माशाचं पुढे काय होतं ते कळायचंय."

थॅकर गेले. बातमी पेटवेपर्यंत पोचली तेव्हा तो माझ्या खोलीत धावत आला. "हे नियमात बसतं? तक्रार करता येईल?"

मी नियमावली काढली. खेळाडूला गाडी कशी द्यावी, घड्याळ कसं द्यावं, त्याच्या मामाला नोकरी द्यावी की नाही, सगळं कलमवार होतं. खेळाडूनं स्वतःच्या पैशानं मास्तर विकत घ्यायला कुठेच बंदी नव्हती. असं कोणी करेल हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलेलं नसावं.

"मग पुढच्या बैठकीत कलम घालायला सांग," पेटवे म्हणाला. "एकाला शिकायची हाव सुटली की बाकीच्यांनाही सुटेल."