तीनच्या पत्रकाआधी

थोरलीने हवामान कार्यालयात पंचवीस वर्षं काढली होती. वादळाच्या बाबतीत तिचा शब्द सहसा खोटा ठरत नसे. दोन वर्षांपूर्वी मात्र ठरला. तिच्या सांगण्यावरून किनाऱ्यावरची अर्धी वस्ती हलवली, आणि वादळ ऐन वेळी वाट बदलून समुद्रातच विरलं. लोकांनी तोंडसुख घेतलं, साहेबांना वरून झापलं गेलं. तेव्हापासून साहेब इशाऱ्याच्या पत्रकातला शब्दन् शब्द तोलूनमापून घालू लागले.

त्या दिवशी सकाळी नऊच्या पत्रकात वाऱ्याचा वेग होता ताशी नव्वद किलोमीटर. पत्रे बांधून घ्या, समुद्रात जाऊ नका, एवढंच सांगितलेलं. संगणकाची सगळी गणितं तेच म्हणत होती. साडेबाराला उपग्रहाच्या चित्रात थोरलीला ढगांच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला. एक वाजताच्या चित्रात तो चांगला गरगरीत झाला. वादळाचा डोळा उघडला होता, आणि खालचं पाणी नको तितकं तापलेलं. ती तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, हे संध्याकाळपर्यंत दुप्पट होणार. आत्ताच पत्रक काढू या."

"गणितं काय म्हणतात?"

"गणितं मागे पडलीत. चित्र बघा ना."

साहेबांनी बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. "तीनच्या पत्रकात घेऊ. तोवर नवे आकडे येतील. पुन्हा हसं करून घ्यायचंय का?"

थोरली जागेवर परतली. हसं तिलाही नकोच होतं. मग जिन्यात जाऊन तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. धाकटी पुलापलीकडच्या वस्तीत राहायची, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर.

"पोरांना घे आणि आत्ताच्या आत्ता माझ्याकडे नीघ."

"अगं ताई, सकाळी तर..."

"सकाळचं सोड. आणि हे बघ, कुणाकडे बोलू नकोस. माझ्या नोकरीवर येईल."

तीनला आकडे आले आणि साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. वस्ती रिकामी करा, असं पत्रक साडेतीनला निघालं. चारला पुलावर पाणी चढलं. आठच्या सुमारास वादळ धडकलं तेव्हा वारा एकशे ऐंशीच्या वर होता. वस्तीतली एकेचाळीस माणसं गेली.

आठवड्याने चौकशी समिती आली. धोका वाढतोय अशी शंका पहिल्यांदा कधी आली, असं त्यांनी थोरलीला विचारलं. समोर साहेब बसले होते, खाली मान घालून.

"तीनला," थोरली म्हणाली.

घरी आली तेव्हा धाकटी पोरांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीने काय सांगितलं ते ऐकून तिचे हात थांबले.

"शेजारची शिवणकाम करते ना, तिने मला दारातच हटकलं होतं, ताई. भरदुपारी पिशव्या घेऊन कुठे निघालीस म्हणून. मी म्हटलं, सहज, ताईकडे. हसून म्हटलं गं! तिचा नवरा गेला. तिला शाळेतल्या छावणीत ठेवलंय, वाचलेल्या सगळ्यांबरोबर. काल भेटले. रडली नाही की काही नाही. एवढंच म्हणाली, तुला माहीत होतं ना?"

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. पोरांदेखत आणखी किती खोटं बोलू?"

"तू वाचलीस, पोरं वाचली. त्याचं काहीच नाही का?"

"आहे ना. म्हणून तर घास गिळवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पोरांना घेऊन त्या शाळेत राहायला गेली. थोरली पोरांच्या पिशव्या घेऊन दारापर्यंत आली.

समितीचा अहवाल आला. कार्यालयाने नियमाप्रमाणे, वेळेवर काम केलं होतं. साहेबांनी पेढे वाटावेत तशी त्याची प्रत टेबलाटेबलावर वाटली.

त्या मोसमात आणखी चार वादळं आली. आता साहेब कसलीच वाट बघत नसत. चारही वेळा त्यांनी सगळ्यात वरचा इशारा दिला, आणि चारही वादळं फुसकी निघाली. चौथ्या वेळी वस्तीतलं कुणी जागचं हललं नाही. शाळेतून वस्तीत परतलेली धाकटीही पोराबाळांसकट घरातच बसून राहिली, हे थोरलीला नंतर तिऱ्हाइताकडून कळलं.