पाववाल्याचा भोंगा

मित्रांनो, कान झाकू नका, आज मी हळू बोलणार आहे. मी एक जुना भोंगा आहे, पाववाल्याच्या सायकलवरचा. पितळी तोंड आणि मागे काळा रबरी फुगा, एवढाच माझा पसारा. फुगा दाबला की मी ओरडतो.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने मला वाजवून पाहिले आणि म्हणाला, "हा गल्ली उठवेल." मी फुशारलो. पण पाववाल्याच्या हाती आलो आणि सगळा तोरा उतरला. त्या माणसाचा गळा माझ्या दसपट होता! त्याने "पाऽऽव" म्हटले की तिसऱ्या मजल्यावरची पोरे ताडकन उठायची. मग मला कोण विचारतो? बारा वर्षे मी हँडलला नुसता शोभेला लटकलो. फुग्याला भेगा पडल्या. मला त्याचा राग यायचा, हे कबूल करतो.

मग त्याच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाजाची पेटी काढावी लागली. आता तो गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतो. रुग्णालयासमोर बाहेरगावच्या रुग्णांसाठी एका संस्थेच्या तीन खोल्या आहेत. तिथे तो आणि त्याची बायको पाच महिने फुकट राहिले. घशात छोटी झडप बसवल्यावर संस्थेतल्याच एका बाईंनी त्याला भोकावर बोट दाबून नव्याने बोलायला शिकवले. हा आवाज खरखरीत आणि बारीक आहे, रस्त्यापर्यंत पोचत नाही. म्हणून घरी परतताच त्याने मला नवा फुगा बसवला. माझा राग तिथेच संपला.

यंदा देणग्या आटल्या आणि त्या खोल्या बंद पडायची वेळ आली. पाववाल्याने सायकलला मदतपेटी बांधली.

"अहो, अंगात त्राण तरी येऊ द्या!" बायको म्हणाली.

त्याने बोट दाबले. "ओरडायला हा आहे ना!"

आणि मी ओरडलो, मित्रांनो! बारा वर्षांचे साठलेले सगळे ओरडलो.

शेवटी सभागृहात मदतीचा कार्यक्रम ठरला. पाववाला मला हातात घेऊन व्यासपीठावर गेला. सूत्रसंचालक भला माणूस, पण त्याने पाववाल्याच्या गळ्याला जाड मफलर गुंडाळला. "लोकांना बघवणार नाही, दादा," म्हणाला. अरे, ज्यातून माणूस श्वास घेतो तेच झाकलेस! वर माइकवर सुरू झाला, "हा बिचारा..."

पों!

"हा दुर्दैवी..."

पों! पों!

सभागृह हसू लागले. पाववाल्याने मफलर ओढून काढला आणि भोकावर बोट ठेवले.

"बिचारा नाही, पाववाला आहे. ह्या भोकातून मी जगतो, नीट बघा. त्या खोल्यांत आज तीन पेशंट आहेत. त्यांनाही माझ्यासारखं घरी जायचंय."

तो बारीक आवाज ऐकायला मागच्या रांगा उठून पुढे आल्या. दाराशी ठेवलेल्या मदतपेटीपाशी रांग लागली, आणि सर्वांत पुढे सूत्रसंचालकच होता. खोल्या चालू राहिल्या.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ज्याचा आवाज बारीक झाला आहे, त्याच्या जवळ जा आणि ऐका. आणि त्याला बिचारा म्हणायचेच असेल, तर आधी मागे वळून बघा, मी कुठे जवळपास तर नाही ना!