सतरा नंबरवरून मला हाकललं

मी एक जुना मुकादम आहे, मित्रांनो. मजुरांवरचा नव्हे, संगणकांवरचा. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी नुसता लिहिलेला प्रोग्राम आहे. आणि आज मला भयंकर राग आलाय, तो आधी ऐकून घ्या.

माझा जन्म राजाजीनगरातल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. मला लिहिणारे महांतेश अण्णा मूळचे निपाणीचे. तेव्हा ते एका कंपनीत चाळीस सर्व्हर सांभाळायचे. एखादी दुरुस्ती आली की तीच चाळीस वेळा हातानं करायची, आणि शेवटी कळायचं, नवव्यावर राहूनच गेली! वैतागून त्यांनी मला घडवलं. कोणता सर्व्हर कसा असावा, हे ते एकदाच नियमांत लिहून ठेवतात. मी दर अर्ध्या तासाला प्रत्येकाकडे जातो, नियमाशी ताडून पाहतो आणि कुणी काही बदललं असेल तर मुकाट्यानं पूर्ववत करतो. अण्णांनी मला कुलपात ठेवलं नाही. वापरा, वाचा, सुधारा म्हणून सगळ्या जगाला मोकळं दिलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी माझ्या चुका काढल्या, दुरुस्त करून पाठवल्या. तेव्हा माझं केवढं कौतुक!

आता आम्ही दोघं इंदिरानगरच्या एका ऑफिसात आहोत. रक्ततपासणीचे रिपोर्ट इथून पेशंटांच्या फोनवर जातात. ते काम सतरा नंबरच्या सर्व्हरचं. तिथल्या जुन्या फाइली रोज पुसायच्या, म्हणजे जागा भरत नाही, असा नियम आहे.

पुण्याहून नवा आलेला मल्हार. पोरगा हुशार, पण भारी उतावळा. एका चाचणीसाठी त्याला जुन्या फाइली हव्या होत्या. नियम बदलायचा सोडून त्यानं थेट सतरा नंबरवर जाऊन पुसणं बंद केलं. अर्ध्या तासानं मी गेलो नि चालू केलं. माझं कामच ते! त्यानं पुन्हा बंद केलं, मी पुन्हा चालू केलं.

"अरे यार, काय कटकट आहे ही!" तो ओरडला. "अण्णा, दोन मिनिटं तुमच्या मुकादमाला सतरावरून काढतो हां."

"सरी, ठीक आहे. पण आठवणीनं परत घाल बाबा," अण्णा आपल्या कानडी वळणानं म्हणाले.

दोन मिनिटं! मला काढून त्यानं पुसणं पुन्हा बंद केलं, ते बंदच राहिलं. पाच महिने झाले, मित्रांनो, पाच महिने! मध्ये दसऱ्याची आयुधपूजा येऊन गेली. सतरा नंबरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, दारात कोहळा फोडला, सगळ्यांनी चुरमुरे खाल्ले. आत फाइलींचा ढीग साचतोय, त्याचं कुणाला काय! मी रोज सकाळी अण्णांना पत्र पाठवत होतो, 'सतरा नंबरवर मला प्रवेश नाही.' पण माझी पत्रं परस्पर एका कोपऱ्यातल्या फोल्डरात पडावीत, अशी सोय अण्णांनीच करून ठेवलेली. घरच्या माणसानंच असं केल्यावर बोलायचं कुणाला?

परवा जागा संपली आणि रिपोर्ट थांबले. सकाळी नऊपासून फोन खणखणत होते. रिपोर्ट नाही म्हणून एका बाईंचं ऑपरेशन पुढं ढकललं. ऑफिसच्या प्रमुख नीलिमा मॅडम कडाडल्या, "महांतेश, तुमचं हे फुकटातलं जुनं टूल आजच्या आज काढा. आणि सोमवारपासून तुम्हीही येऊ नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी! बावन्नाव्या वर्षी अण्णांना नोकरी कोण देणार होतं?

मला कोण हाकलतं, त्याचं नाव आणि तारीख मी लिहून ठेवतो. अण्णांनी ती नोंद उघडून पाहिली. वाचा की मोठ्यानं, असं मला झालं होतं! पण ते म्हणाले, "मॅडम, स्वल्प थांबा. मुकादम पाच महिने सतरावर नव्हताच. रोज तसं कळवत होता. ती पत्रं वाचली नाहीत, ही चूक माझी."

नाव घेतलंच नाही! माझा नुसता जळफळाट झाला.

मग मल्हार उठला. "मॅडम, मुकादमाला काढलं होतं मी. परत घालायला विसरलो. अण्णांना काढणार असाल तर आधी मला काढा."

मॅडमनी पत्रं उघडायला लावली. एकशे बावन्न निघाली. दहाव्यापुढं काही त्यांनी वाचलं नाही. "सोमवारी दोघंही या," एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी मी सतरा नंबरवर गेलो नि सगळा ढीग उपसला. राग मात्र अजून आहे. मित्रांनो, फुकट मिळालेली वस्तू आपोआप चालत नाही. तिच्याकडे रोज बघणारं माणूस लागतं. आणि काही बिघडलंच, तर कुणावर आळ घेण्याआधी एवढं विचारा, यानं आपल्याला आधी सांगितलं होतं का?

मी एकशे बावन्न वेळा सांगितलं होतं.