चौदा नंबरचे दोन गुण

भूपेंद्र लांजेवार जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत मशिनिस्ट होते, पण वसाहतीत लोक त्यांना ओळखत ते स्कोअरर म्हणून. उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे बास्केटबॉल खेळायचा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत वसाहतीच्या कोर्टावर स्पर्धा व्हायची आणि तिचा गुणतक्ता वीस वर्षं त्यांनीच लिहिला. सामना संपला की तक्त्याची वरची प्रत पाकिटात घालून ते बसच्या ड्रायव्हरकडे देत, तो ती भंडाऱ्याच्या पेपरच्या कचेरीत पोचवायचा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानाच्या तळाशी एक चौकट छापून यायची. खेळाडूचं नाव, बास्केट, फ्री थ्रो, फाऊल, एकूण गुण. चहा गार होईस्तोवर भूपेंद्र ती वाचत बसायचे. एकेका आकड्यामागे कोण कुठून पळत आला, कोण पडला, सारं त्यांना दिसायचं.

निवृत्तीनंतर ते भंडाऱ्यात राहायला आले. पेपरातली ती चौकट केव्हाच बंद झाली होती. मुलगी तृप्ती दिवाळीला पुण्याहून आली की मोबाईलवर कुठल्या कुठल्या सामन्यांचे गुण दाखवायची. आकडे डोळ्यांसमोर बदलत राहायचे. भूपेंद्र मान डोलवायचे आणि चष्मा काढून ठेवायचे.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी पेपर आला नाही. लक्ष्मीपूजनाला पेपरच्या कचेऱ्या बंद असतात, त्यामुळे ही सकाळ दरवर्षी तशीच जाते. हाताला काही चाळा हवा म्हणून त्यांनी जुन्या कात्रणांची वही काढली. शेजारी स्कोअरबुकाचा गठ्ठाही होता. वसाहतीच्या क्लबची खोली रिकामी करताना तिथल्या माणसानं तो महिन्याभरापूर्वीच त्यांना आणून दिला होता. कार्बनच्या प्रती निळ्या, पुसट झाल्या होत्या.

एक कात्रण मात्र ते नेहमी भरभर उलटायचे. १९९४ ची फायनल. पाडव्याला दुपारी चार वाजता, नागपूरच्या संघाविरुद्ध. जवाहरनगर एकसष्ट, नागपूर साठ. चौकटीत जवाहरनगरच्या खेळाडूंत शेवटचं नाव होतं: इश्वर टेंभरे, नंबर चौदा, एक बास्केट, दोन गुण.

इश्वर टेंभरे नावाचा कोणी त्या दिवशी खेळलाच नव्हता. तेव्हा भूपेंद्रनी कॅप्टन धनंजयला विचारलं होतं. तो म्हणाला, नाकाडोंगरीचा एक कॉलेजातला पोरगा होता, आपले दोघं सुट्टीत गावी गेले म्हणून त्याला बोलावलं होतं, पण तो आलाच नाही. मग नाव कसं आलं, ते त्यालाही सांगता येईना. पुढच्या महिन्यात धनंजयची बदली झाली. छापखान्यात गडबड झाली असेल, असं भूपेंद्रनी ठरवून टाकलं. बाकीच्यांच्या गुणांची बेरीज एकोणसाठच भरत होती, आणि एकोणसाठवर आपण हरलो असतो. पण फलक, रेफरी आणि नागपूरवाले, साऱ्यांनी त्या दिवशी एकसष्टच मान्य केले होते. भूपेंद्र त्या विचारात फार खोल गेले नाहीत, स्कोअरबुकही पुन्हा उघडून पाहिलं नाही.

आता त्यांनी १९९४ चं स्कोअरबुक उघडलं. फायनलचं पान सापडलं. शेवटच्या ओळीत त्यांच्याच अक्षरात, त्यांच्या त्या लांब शेपटीच्या ‘र’सकट, लिहिलं होतं: इश्वर टेंभरे, १४. दुसऱ्या हाफचं विसावं, शेवटचं मिनिट. दोन गुण.

तृप्तीनं पान पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. उद्या नाकाडोंगरीला जाऊ, ते म्हणाले. काहून, तेवढं तिनं विचारलं. त्यांनी स्कोअरबुक पिशवीत घातलं.

भाऊबीजेला सकाळीच दोघं कारनं निघाले. तुमसर मागे पडलं तशी धानाची शेतं कमी होत गेली आणि रस्त्यावर मँगनीजच्या ट्रकांची लाल-काळी धूळ दिसू लागली. पुढे सागाचं जंगल लागलं. गावात टेंभरेंचं घर विचारलं, तर पानठेल्यावरच्या माणसानं उलट विचारलं, इश्वरच्या मायचं काय? भूपेंद्रनी होकार दिला.

इश्वरची आई सीताबाई अंगणात धान उन्हाला घालत होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, वाकलेल्या, पण नजर साफ. भूपेंद्रनी नाव सांगितलं, जवाहरनगरच्या स्पर्धेत स्कोअर लिहीत होतो म्हणाले. बाईंनी हातातली धानाची मूठ खाली सोडली, आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कात्रण घेऊन आल्या. तीच चौकट होती.

मग त्या खाटेवर बसून सांगत राहिल्या. पाडव्याच्या सकाळी इश्वर सायकलनं तुमसरला बस धरायला निघाला. भाऊबीजेला दुपारी गावात पेपर आला, त्यात त्याचं नाव होतं. त्याच्या बापानं तो पेपर घरोघरी दाखवला. पोरगं जिंकून आलं, आता संध्याकाळपर्यंत येईल म्हणून बाईंनी पुऱ्या तळून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी गुराख्याला तो नाल्यात दिसला, जंगलातल्या रपट्याच्या ठेंगण्या पुलाखाली. सायकल वर सागाच्या पाल्यात पडली होती. कोणत्या तरी ट्रकनं उडवलं असावं. डॉक्टर म्हणाले, जीव पाडव्याच्या सकाळीच गेला, आठ-नऊच्या सुमाराला.

तृप्तीनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

“लोकं म्हणत, पेपरवाल्यानं चुकीचं छापलं,” सीताबाई म्हणाल्या. “त्याचा बाप मरेपर्यंत म्हणे, डॉक्टर चुकला. मी कोणाले काई म्हटलं नाही. पण तुमी तं तथं होते ना, भाऊ? तुमीच लिवलं ना हे?”

“हो. मीच लिहिलं.”

“मंग सांगा. माहा पोरगा खेळला का?”

भूपेंद्रना काहीच आठवत नव्हतं. पण त्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणणं त्यांच्यानं झालं नाही. खेळला, ते म्हणाले, आणि सुचेल तसं सांगू लागले. शेवटचं मिनिट होतं, आपण एकानं मागे होतो. बॉल बाहेर जात होता. उजव्या कोपऱ्यातून, कोर्टामागच्या पाण्याच्या टाकीच्या बाजूनं एक पोरगा आत आला. बनियन अंगाला चिकटलेली, पँटीतून पाणी गळत होतं. कोर्टावर त्याच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते. कोणाशी बोलला नाही. बॉल घेतला आणि डाव्या हातानं टाकला. बॉल मागच्या फळीला न लागता जाळीतून खाली गेला. मग तो कोणाची वाट न पाहता आला त्याच बाजूनं निघून गेला.

बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला.

“डावखोराच होता तो,” सीताबाई म्हणाल्या. “तुमाले कोणी सांगतलं?”

कोणी सांगितलं नव्हतं. अंगणात कोंबड्या धान टिपत होत्या, त्यांना कोणी हाकललं नाही.

बाईंनी पदरानं डोळे पुसले नाहीत. डोळे कोरडेच होते. त्यांनी एवढंच म्हटलं, “म्हणजे पोचला.” मग उठून त्यांनी दोघांना जेवायला बसवलं, भाऊबीज आहे, उपाशी जायचं नाही म्हणून. जेवणानंतर भूपेंद्रनी स्कोअरबुकातलं ते पान काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तृप्तीनं शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं, आणि पुसट निळ्या अक्षरांवरून सीताबाई ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या.

परतताना जंगलातला रपटा लागला. खाली पाणी वाहत होतं. तृप्तीनं गाडी हळू केली, पण थांबवली नाही. रपटा ओलांडल्यावर तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही खरंच पाहिलं होतं त्याले?”

भूपेंद्रनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“सांगायले लागलो तेव्हा मी खोटं बोलून राहिलो होतो, बेटा,” ते म्हणाले. “बोलता बोलता तो दिसला.”