चिमणीच्या रक्तातली सूज

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, रक्त फिरवणारी. एका छोट्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, बेसिनशेजारच्या ओट्यावर माझी जागा आहे. माझ्या पोटात एक चक्र आहे आणि चक्राला भोके आहेत. त्या भोकांत रक्ताच्या नळ्या ठेवतात, झाकण लावतात आणि मी गरगर फिरते. थांबते तेव्हा लाल रक्त तळाला बसलेले असते आणि वर पिवळसर पाणी आलेले असते. त्या पाण्यावरून माणसाच्या आत काय चालले आहे, ते शेजारचे मोठे यंत्र सांगते.

कारखान्यातून आले तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. "आवाज म्हणून नाही बघा हिचा!" असे डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आता माझा एक रबरी पाय झिजला आहे. मी फिरले की ओटा थरथरतो आणि वरच्या बाटल्या वाजतात. त्यामुळे इथे काही बिनसले की पहिला संशय माझ्यावर येतो. मला त्याचे नवल नाही. या खोलीत जो तो संशय घेऊनच येतो. धडधाकट माणूस इथे कशाला येईल?

एकदा एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला. गळ्यातली टेपही काढायला विसरला होता. मुलगी चांगलीच लठ्ठ होती. आईने तिचे नाव चिमणी ठेवले होते आणि शाळेतली मुले त्यावरून तिला छळत. आई आता नव्हती. शिंपी, मुलगी आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारी मावशी, एवढेच घर.

रक्त काढणाऱ्या ताईच्या टेबलावर लिमलेटच्या गोड गोळ्यांची बरणी असते. सुई टोचली की मुलांना एक गोळी मिळते. चिमणीला पाहून ताईने बरणी गुपचूप खणात सरकवली. चिमणीने ते पाहिले. मीही पाहिले.

निकाल आल्यावर डॉक्टरांनी शिंप्याला समजावले. "अंगात कुठे सूज असली की रक्तात सीआरपी नावाचा पदार्थ वाढतो. हिचा थोडा वाढलाय. जास्तीची चरबी आतल्या आत बारीक सूज धरून ठेवते. राखेखाली विस्तव असतो ना, तशी. दुखत नाही, दिसत नाही, पण पुढे त्रास देते. खाणं जरा बघा, रोज खेळू द्या. उपाशी मात्र ठेवू नका."

शिंप्याला त्यातला विस्तव तेवढा ऐकू आला. त्याची बायकोही अशाच न दिसणाऱ्या दुखण्याने गेली होती.

पुढच्या खेपेला तो हसत आला. चिमणीच्या फ्रॉकला दोन्ही बाजूंनी नवी शिवण होती.

"दोन बोटं आत घेतला!" तो ताईला म्हणाला. "माझ्या हाताने. टेप खोटं बोलत नाही."

ताईनेही चिमणीची पाठ थोपटली. मग नळी माझ्या पोटात ठेवली, तोल राहावा म्हणून समोरच्या भोकात तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवली, आणि मी फिरले.

सीआरपी उतरला नव्हता. कितीतरी पटीने चढला होता.

मित्रांनो, त्यानंतर जे झाले ते मी विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या चरबीने एवढा वाढत नाही. कुठे दुखतंय का, बाळ? ताप? कान? पोट?" चिमणीने प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. तिने तोंड जेमतेम उघडले. घसा बरा होता. "उद्या परत रक्त घेऊ," ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर शिंपी आणि या खेपेला सोबत आलेली मावशी यांची जुंपली.

"शाळेतून ती आधी तुमच्याकडे येते. तिथे काय चरते देव जाणे!"

"मी चारते? भाऊजी, आधी तुमच्या दुकानातल्या बिस्किटाच्या डब्याला कुलूप लावा. गिऱ्हाईक आलं की पोरीच्या हातात बिस्किट देऊन कोण गप्प बसवतं?"

"चोरून खात असेल."

"चोरून खाऊन फ्रॉक ढिला होतो होय? शिंपी आहात ना तुम्ही?"

चिमणी दोघांच्या मध्ये बसून फरशी बघत होती.

आत ताई माझ्याकडे रोखून बघत होती. "हीच म्हातारी दगा देतेय," ती म्हणाली. तिने मला उचलून ओट्याखाली ठेवले, अंगावर जुने फडके टाकले आणि शेजारच्या दवाखान्यातून नवी मशीन मागून आणली. इतकी वर्षे राबले आणि एका दिवसात अडगळ झाले.

पण ओट्याखालून मला एक गोष्ट दिसली. दुसऱ्या दिवशी चिमणी बुटक्या स्टुलावर बसली आणि तिचा चेहरा माझ्या समोर आला. तिने पाणी मागितले आणि मान वाकडी करून एकाच बाजूने प्याली. कुणी बघत नाही असे पाहून गाल तळहातावर टेकवला. मला कळले होते, पण सांगणार कशी?

नवी मशीन फिरली. आकडा तोच, वर दोन चढलेला. म्हणजे मी खोटी नव्हते. पण ते मला कुणी सांगितले नाही.

शिंप्याचा संशय मात्र गेला नव्हता. त्याने ताईकडे बरणी मागितली, एक गोळी काढली आणि चिमणीपुढे धरली. "घे. आज माझी परवानगी आहे." तिच्या डोळ्यांत हाव दिसते का, हे त्याला पाहायचे होते.

चिमणी म्हणाली, "नको."

"नको? गोळी नको?" ताई सुई टाकायची थांबली.

"घे म्हणतो ना!"

तिने गोळी तोंडात घेतली. पुढच्या क्षणी ती किंचाळली आणि गाल धरून गुडघ्यांवर वाकली.

शिंप्याने तिची हनुवटी उचलली. ताईने बॅटरी धरली. खालची मागची दाढ काळी पोकळ झाली होती आणि हिरडी टरारून सुजली होती.

"कधीपासून?" शिंप्याने विचारले.

"फ्रॉक ढिला व्हायला लागला तेव्हापासून. चावता येत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तुम्ही हसत होतात. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. दाढ बरी झाली असती तर मी परत खाल्लं असतं."

मग शिंपी टेपचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "हिची आई रोज झोपायच्या आधी हिचं तोंड उघडून बघायची. मी म्हणायचो, काय रोज रोज! ते काम आता माझ्याकडे आलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही." मावशीने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. काही आठवड्यांनी सीआरपी उतरला, पण पहिल्या आकड्यावर येऊन थांबला. ती बारीक सूज अजून आहे. शिंपी आता दुकान लवकर बंद करतो आणि चिमणीबरोबर चालायला जातो. वाटेत तोच आधी दमतो, असे ती ताईला सांगत होती. फ्रॉकची आत घेतलेली शिवण त्याने उसवून टाकली आहे.

ताईने मला परत ओट्यावर ठेवले. शिंप्याने माझ्यासाठी जाड कापडाचे आवरण शिवून आणले. पायाला नवा रबर मात्र अजून कुणी लावलेला नाही, म्हणून बाटल्या वाजतातच.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. जुनी मशीन थरथरली तर तिला खोटी म्हणण्याआधी तिचा पाय बघा. आणि तुमच्यापैकी कुणाला कुठे दुखत असेल, तर घरचे हसत असले तरी सांगा. मोठ्या माणसांनाही माझा निरोप द्या. मूल बारीक झाले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी एकदा त्याला "आ कर" म्हणा.

चिमणी आता इथे आली की न सांगता आ करते. ताई बॅटरी धरते. मग बरणी टेबलावर येते, आणि चिमणी एक गोळी घेऊन बाबांच्या खिशात टाकते.