नव्या सिस्टीमचा उजवा पाय

दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा: नवी सिस्टीम तयार आहे, आत्ता घ्यायची की नंतर? आणि दादा रोज सकाळी, चहाचा पहिला घोट घ्यायच्याही आधी, ‘नंतर’ दाबायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. दारातल्या पाहुण्याला परत पाठवताना माणसाला थोडी तरी लाज वाटते. दादाला तेवढीही वाटत नव्हती.

आमचं दुकान बुटांचं, पण तयार बुटांचं नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची अपघातात बोटं गेलेली, कुणाचा घोटा वाकडा जुळलेला, अशी माणसं आमच्याकडे येतात. दादा माप घेतो, कॉम्प्युटरवर आकृती काढतो आणि शेवटी बूट शिवतो. मधलं काम माझं: छापून आलेल्या कागदावरून चामडं कापायचं. बावीस वर्षं आम्ही भाऊ-बहीण एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसतोय आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसत नाही. बाकी सगळ्यात खुपसतो.

दादाची एक खोड इथेच सांगून टाकते. तो गिऱ्हाइकासमोर स्टुलावर बसून माप घेतो. त्याच्या डाव्या हाताला जो पाय येतो त्याला तो डावा म्हणतो, म्हणजे गिऱ्हाइकाचा उजवा. कॉम्प्युटरमध्येही तसाच भरतो. पहिल्या महिन्यात मी यावरून त्याच्याशी कडाकडा भांडले. मग नाद सोडला आणि कागद उलटा करून कापायची सवय लावून घेतली. इतकी वर्षं एकाही जोडीत डावं-उजवं चुकलं नाही, त्यामुळे कुणी कुणाला सुधारायचा प्रश्नच आला नाही.

त्या सोमवारी बसवाल्या ताई आल्या. एकोणतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवलेली. दीड वर्षापूर्वी अपघातात उजवा पाय मोडला, जुळला, पण दोन सेंटीमीटर आखूड झाला. आम्ही त्यांना तीन जोड करून दिले होते आणि तिन्ही वेळा एकच तक्रार आली: चालताना छान, पण ब्रेक दाबला की टाच बुटातून वर सरकते. शुक्रवारी त्यांची चाचणी होती. पास झाल्या तर पुन्हा बस, नाहीतर कायमची तिकीट खिडकी.

“माप घेताना माझा पाय नुसता लोळत पडलेला असतो हो,” त्या म्हणाल्या. “ब्रेक मारताना तो लोळत नसतो!”

याच्यावरचा उपाय आमच्याच कपाटावर खोक्यात पडून होता. उभ्या माणसाचा, भार दिलेला पाय मोजणारी काचेची पाटी. माल पुरवणाऱ्याने महिनाभर वापरून बघा म्हणून दिलेली. तिला नवी सिस्टीम लागत होती, आणि नवी सिस्टीम दादा घेऊ देत नव्हता.

“आज घेऊया,” मी म्हटलं.

“तेराशे माणसांचे पाय आहेत त्यात. एक जरी हरवला तर?”

“मी सगळे डिस्कवर उतरवून ठेवलेत. दोनदा.”

“डिस्क पडली तर?”

“दादा, छत पडलं तर?”

तो खरंच वर बघायला लागला. माझं डोकंच फिरलं. “पायांचं निमित्त सांगू नकोस,” मी ओरडले. “तू घाबरतोस, बस्स!”

दादाने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “हो, घाबरतो,” तो म्हणाला. “ही जुनी शिकायलाच मला दोन वर्षं लागली. तू संध्याकाळी थांबून शिकवायचीस, मी घरी जाऊन वहीत उतरवायचो. आता साठीला आलो. नाही जमलं तर काय करू? नुसता दारात बसून गिऱ्हाइकांना या-बसा म्हणू?”

मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं मी त्याला हट्टी म्हणत होते, आणि कशाची भीती वाटते हे एकदाही विचारलं नव्हतं.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. “अहो दादा, मी गिअरच्या बसवरची. पन्नाशीत बिनगिअरची बस हातात आली. पहिले चार दिवस माझा डावा पाय क्लच शोधत होता. नसलेला क्लच! असा दाणदाण आपटायचा की मागून लोक विचारायचे, खाली काय चाललंय?”

“मग?” दादाने विचारलं.

“मग काय, पाचव्या दिवशी कळलं त्याला. डोक्याला लवकर कळतं हो, पायाला वेळ लागतो. तोवर आपणच हसून घ्यायचं.”

दादा हसला. मग स्क्रीनकडे वळला, माझ्याकडे न बघता म्हणाला, “शिकवशील ना गं परत?” आणि मी हो म्हणायच्या आत ‘आत्ता’ दाबून मोकळा झाला.

पुढचे तीन तास आम्ही तिघं जीव मुठीत धरून बसलो. टक्क्यांचा आकडा त्र्याऐंशीवर येऊन असा रुसला की दादाने कॉम्प्युटरला पंख्याने वारा घातला. अखेर स्क्रीन उजळली. तेराशेच्या तेराशे माणसांचे पाय जागेवर होते. दादाने सुरुवातीचे दहा-बारा उघडून पाहिले आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा प्रत्येकाला “आहेस ना?” म्हणाला. ताई पाटीवर उभ्या राहिल्या, त्यांनी ब्रेक मारल्यासारखा भार दिला, आणि भार कुठे पडतो ते रंगांत दिसलं. टाच का सरकते ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मंगळवारी मी कापलं, बुधवारी दादाने शिवलं.

गुरुवारी सकाळी ताईंनी बूट घातले, उभ्या राहिल्या आणि एका बाजूला कलल्या. दोन पावलं टाकली, आणखी कलल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “उंची डाव्या बुटाला दिलीय तुम्ही.”

पाटीला दादाची खोड कुठून माहीत असणार? तिने उजव्याला सरळ उजवा म्हटलं होतं, कागदावर तसं ठळक छापलंही होतं. आणि मी, दादाला दोन वर्षं जुनाट म्हणणारी शहाणी, तो कागद सवयीने उलटा करून मोकळी झाले होते. दादालाही काही खटकलं नाही, कारण त्याच्या डोक्यात ताईंचा आखूड पाय पहिल्यापासून डावाच होता.

मला वाटलं, आता दादा म्हणणार, बघ, सांगत होतो. त्याने बोलायला हवं होतं, माझी तीच लायकी होती. त्याने दोन्ही बूट हातात घेतले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसत सुटला.

“कॉम्प्युटर नवा झाला गं,” त्याला धड बोलता येईना, “आपण दोघं जुनेच राहिलो!”

ताईंची चाचणी चोवीस तासांवर आलेली, पण त्याही हसत होत्या. मग मीही हसले, डोळे पुसले आणि कात्री उचलली. या वेळी कागद सरळ ठेवला. हात दर मिनिटाला उलटा करायला जायचा आणि दादा टेबलाच्या त्या टोकावरून ओरडायचा, “क्लच नाहीये तिथे!” एकमेकांच्या कामात नाक न खुपसण्याचा बावीस वर्षांचा नियम त्या दिवशी संपला. मी त्याचे टाके तपासले, त्याने माझं कापणं. संध्याकाळी सहाला ताई नवे बूट घालून दुकानात ताठ चालल्या.

चाचणीचा रस्ता आमच्या दुकानावरून जातो. शुक्रवारी साडेदहाला आम्ही दोघं काम टाकून फुटपाथवर उभे होतो. वळणावर रिकामी बस दिसली. स्टिअरिंगवर ताई, शेजारी कागद धरून बसलेला परीक्षक, त्याचा चेहरा इस्त्री केलेला. दादाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

समोरच्या थांब्यावर काठी टेकत एक आजोबा उभे होते. त्यांना काय ठाऊक चाचणी-बिचाणी? बस दिसली तसा त्यांनी हात केला आणि थेट रस्त्यात एक पाऊल टाकलं. ताईंनी ब्रेक दाबला. ना कर्कश आवाज, ना हिसका. बस आजोबांच्या पुढ्यात अलगद थांबली. दार उघडलं.

“रिकामी आहे का हो?” आजोबांनी विचारलं.

परीक्षकाने ताईंच्या पायाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. हातातला कागद त्याने घडी करून खिशात घातला.

“बसा आजोबा,” तो म्हणाला. “बाई बस छान चालवतात.”