नारळ फोडलेला हात

बातमी ऐकून धारूरहून माघारी आलेल्या आदिनाथ इंजिनिअरला गहिनीनाथ पाटलांनी गचांडी धरून गाडीतून खेचलं आणि कोसळलेल्या स्लॅबपुढं आपटलं. मंगल कार्यालयाचा स्लॅब ओला असतानाच खाली आला होता. त्याच्याखालून पाटलांच्या पोराला, युवराजला, नुकतंच काढलं होतं. तोंड ओळखू येत नव्हतं.

"मी निस्ता पाहणीला आलतो, पाटील!" आदिनाथ ओरडला. "टेकू काळ्या मातीत रुततील, खाली फळ्या घाल, असं मिस्त्रीला सांगितलं व्हतं मी."

"अन् मग?"

मग काय झालं ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. इंजिनिअरनं नारळ फोडल्याबिगर इकडं कुणी स्लॅबला हात लावत नाही. मटण शिजत होतं, काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, पाहुणे खोळंबले होते. एवढ्या तेवढ्यासाठी कशाला मोडता घाला, म्हणून फळ्यांची वाट न बघता त्यानं नारळ फोडला, खोबरं तोंडात टाकलं आणि गाडीत बसला.

पाटलांनी सळई उचलली. पहिल्या घावात खांदा निखळला, दुसऱ्यात दात पडले. कुणीही मधे पडलं नाही.

"तुला दिसलं व्हतं ना? मग काहून फोडलास बे? नारळ तसाच माघारी दिला असतास, तर कुणाची टाप व्हती माल टाकायची?"

सकाळी नारळ फोडलेला दगड समोरच होता. आदिनाथनं रक्त थुंकलं आणि उजवा हात आपणहून त्या दगडावर ठेवला. सळई खाली येताना दिसली, तरी त्यानं तो मागं घेतला नाही.